शेजारणीच्या हातचा दिवा

टॅलोबँक स्टेशनवर उतरलात की समोर वाचनालय दिसतं, त्याला लागून पोहण्याचा तलाव, आणि पलीकडे सुपरमार्केट. तिथून एकच रस्ता वर चढतो. तो रिज रोड. दोन्ही बाजूंना खोल घळी, घळींत उंचच उंच निलगिरी आणि तिच्याच जातीची टॅलोवूडची झाडं, आणि मधल्या डोंगरधारेवर आपली घरं. मायदेशाहून नवीन आलेल्या सुना आणि सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, सगळ्यांना मी याच रस्त्याने वर घेऊन येते. चढ आहे, पण सावकाश गेलं की जमतो.

वर पोचल्यावर पहिलं दिसतं ते खाणीचं तळं. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आता भोवती बाक बसवलेत, मुलांसाठी झोपाळे टाकलेत, बदकंही असतात. नव्वद वर्षांपूर्वी इथून पिवळा दगड काढत. त्याआधी हजारो वर्षं इथल्या मूळ लोकांची वस्ती होती. आग कधी लावायची आणि कधी लावायची नाही, हे दोन्ही त्यांना कळत होतं, असं सांगतात. नंतरच्यांना ते ज्ञान हळूहळू, पोळून आलं.

पण मी तुम्हाला तळं दाखवायला आणत नाही. नवरात्राच्या अष्टमीला आणते. त्या दिवशी दुपारी रिज रोडवर प्रत्येक फाटकाशी पाण्याने भरलेली बादली दिसते. आपल्याच मराठी घरांपुढे नव्हे, सगळ्यांच्या. आणि आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते, ती पाहून नव्या सुना दचकतात. घटापुढचा अखंड दिवा दुपारी चारच्या आधी आम्ही आपल्या हाताने शांत करतो. समईच्या जागी पाण्याचा तांब्या ठेवतो. मग दार उघडं टाकून बसून राहतो.

"अहो काकू, अखंड दिवा ना तो?" असं गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारलं. मी तिला म्हटलं, बैस. आधी गोष्ट ऐक, मग घाबर.

गोष्ट फार जुनी नाही. चाळीसेक वर्षांची असेल. पण या उपनगरात चाळीस वर्षं म्हणजे पुराणकाळच. तेव्हा खाली स्टेशन होतं, पण गाडी तासातून एकदा. वाचनालय नव्हतं. वर दहा-बारा घरं, काही फळबागा, आणि बंद पडलेली खाण. मराठी घर एकच. बाबरांचं.

सगुणाक्का बाबर आटपाडीकडच्या. ज्या गावात नळाला तिसऱ्या दिवशी तासभर पाणी येई, तिथे वाढलेल्या. यजमान हणमंतराव रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. एकुलती मुलगी शालन, लग्न होऊन शहरात राहायची, तिथून दीड तासावर.

अक्कांची एक खोड साऱ्या रस्त्याला माहीत होती. त्या रोज सकाळी पाणी भरत. इथे नळाला चोवीस तास पाणी, तरी भरत. मागच्या दारी दोन पिंपं, स्वयंपाकघरात हंडा-कळशी, न्हाणीघरातला टब, पातेली, बादल्या. आदल्या दिवसाचं शिळं पाणी झाडांना घालायचं आणि ताजं भरून ठेवायचं. रस्त्यावरचे लोक हसत. शेजारी लेस आजोबा राहायचे, खाणीत तीस वर्षं दगड फोडलेले. दगडाची धूळ छातीत बसल्यामुळे त्यांना नळी लावून प्राणवायूच्या सिलिंडरवर ठेवलं होतं. ते कुंपणावरून म्हणायचे, "अक्का, आज तरी नदी पळून जाणार आहे का?"

अक्का मोडक्या इंग्रजीत म्हणायच्या, "नदी पळत नाही, लेस. नळ पळतो."

त्यांना 'अक्का' हे नावच वाटायचं. लेस आणि त्यांची बायको मॉरीनबाई, दोघंही तीच हाक मारायची.

शालनच्या लग्नाला दहा वर्षं होत आली होती. तीनदा पोटातलं गेलं होतं. पहिल्या वेळेनंतर अक्कांनी देवीपुढे पदर पसरला. नऊ वर्षं नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा ठेवीन, एकदाही विझू देणार नाही, तू माझ्या लेकीच्या ओटीत एक जीव घाल. असा नवस. आठ वर्षं त्यांनी तो पाळला. रात्री दर दोन तासांनी उठून काजळी काढायची, तेल घालायचं. नऊ दिवस घराला कुलूप नाही, कुणाकडे जाणं नाही. आणि नवव्या वर्षी शालनचे दिवस भरत आले. जुळणी अशी की दिवस भरायचे ते ऐन नवरात्रात.

आपल्याकडे नवरात्र म्हणजे पाऊस सरलेला असतो, शेतं हिरवी असतात. इथे तो वसंत. त्या वर्षी तर पाऊस महिनोन् महिने झालाच नव्हता. झेंडू मिळत नसे म्हणून अक्का बाटली घासायच्या ब्रशासारखी दिसणारी इथली लाल फुलं दोऱ्यात ओवून घटाला माळ घालत. घटात धान्य बोटभर वर आलं होतं. सप्तमीला फुलोऱ्यासाठी कडाकण्या तळल्या. आणि अष्टमीच्या पहाटे फोन आला. शालनला कळा सुरू झाल्या होत्या.

हणमंतराव कपडे करून निघाले. दारात उभं राहून म्हणाले, "चल की. दिवा काय, मॉरीन बघेल."

अक्का म्हणाल्या, "दिव्यावर दुसऱ्याला बसवून लेकीकडे गेले तर नवस कुणाचा? तुम्ही जा. मी इथनंच तिच्याजवळ आहे."

हीच ती चूक, असं म्हणतात. चूक म्हणा की निष्ठा. मी अनेकदा विचार केलाय, मला दोन्हींतलं काही ठरवता आलेलं नाही.

सकाळी नऊला पश्चिमेचा वारा सुटला. कोरडा, भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. रेडिओवर सांगत होते की आज कुणीही उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. अक्कांना चिंता वेगळीच होती. वाऱ्याने ज्योत हलत होती. त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या. फटींमध्ये जुनी लुगडी ओली करून कोंबली. दाराच्या खालच्या फटीत ओला टॉवेल. आढ्याला जाणारा हवेचा झरोकासुद्धा पुठ्ठा लावून बंद केला. घरात उकडून अंगाला चिकचिक झाली, पण ज्योत सरळ उभी राहिली.

अकराच्या सुमाराला स्वयंसेवकांच्या बंबाचा प्रमुख केव्हिन घरोघरी सांगत आला. एरवी तो शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. पश्चिमेच्या घळीच्या पलीकडे आग लागली होती. दूर आहे, पण वारा इकडे आहे, ज्यांना जायचं त्यांनी आत्ताच खाली जावं, नंतर रस्ता राहणार नाही. बऱ्याच घरांतले लोक गाड्या काढून गेले. अक्कांनी मान हलवली. जाणार नाही.

"का?" केव्हिनने विचारलं.

अक्कांनी आत बोट दाखवलं. तिथे समई होती. केव्हिनला वाटलं, बाईंना इंग्रजी कळलं नाही. त्याने पुन्हा सावकाश सांगितलं. अक्कांनी पुन्हा तसंच सावकाश बोट दाखवलं. त्याला पुढची घरं होती. तो गेला.

शेजारचं लेस-मॉरीनचं घरही थांबलं. लेस आजोबा गाडीत बसून तग धरण्याच्या अवस्थेत नव्हते.

दोन वाजता फोन वाजला. हणमंतराव होते. आवाज हळू.

"तिला आत घेतलंय. डॉक्टर म्हणतात, बाळ आडवं आहे. वेळ लागेल." जरा थांबून म्हणाले, "दिवा आहे ना?"

"आहे."

"बघ म्हणजे झालं."

ज्या माणसाने सकाळी 'मॉरीन बघेल' म्हटलं, तोच आता दिव्याची चौकशी करत होता. अक्कांनी फोन ठेवला. त्यांनी देवीपुढे बसून वात पुढे केली, तेल घातलं. अर्ध्या तासाने शालनच्या खबरीसाठी फोन उचलला तर नुसता मुका. वीजही गेली होती. खाली ओढ्याजवळ रस्त्यावर झाड पेटून आडवं पडलं होतं, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. रिज रोड आता एका टोकाला बंद होता. दुसऱ्या टोकाला रस्ताच नाही, घळ आहे.

तीनच्या पुढे सूर्य तांबडा झाला. मग दिसेनासा झाला. दुपारी साडेतीनला घरात संध्याकाळ झाली. पत्र्यावर काहीतरी टपटपू लागलं. अक्कांना क्षणभर पाऊस वाटला. तो पाऊस नव्हता, जळकी पानं होती.

त्यांनी मागच्या दाराने बाहेर जाऊन बागेचा नळ सोडला. दोन थेंब पडले आणि नळ खोकला. डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप विजेवर चालायचा. टाकी रिकामी. सगळ्या रस्त्याचे नळ एकाच वेळी गेले.

तेव्हा कुंपणापलीकडून मॉरीनबाईंची हाक आली. त्या दोघांचं घर लाकडी होतं, आणि पुढच्या लाकडी ओट्याखाली साठलेल्या पाल्यात निखारा पडला होता. मॉरीनबाईंनी आजोबांना बागेच्या एकचाकी हातगाड्यात बसवून बाहेर काढलं होतं. मांडीवर सिलिंडर, नाकात नळी, अंगावर ओलं ब्लँकेट. फाटकाच्या उंबऱ्यावर गाडा अडला, कलंडला, आणि सिलिंडर दगडावर आपटलं. मॉरीनबाईंनी ते उचलून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं. अक्का धावल्या. दोघींनी मिळून गाडा अक्कांच्या पडवीत आणला.

लेस आजोबा धापा टाकत म्हणाले, "पस्तीस वर्षं ही वाट बघत होती. शेवटी कचऱ्याबरोबर काढलंच मला."

"गप्प बस, लेस," मॉरीनबाई म्हणाल्या.

अक्कांचं घर विटांचं. खिडक्या बंद, फटी ओल्या. त्या दिवशी साऱ्या रस्त्यावर याहून सुरक्षित जागा नव्हती. अक्कांनी दार उघडलं, गाडा आत घ्यायला वाकल्या, आणि मॉरीनबाई उंबऱ्यावरच थांबल्या. त्या समईकडे बघत होत्या. आठ वर्षं अष्टमीला त्या प्रसादाला येत. तो दिवा काय आहे, कशासाठी आहे, शालनचं काय काय झालं, सगळं त्यांना माहीत होतं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का तुला?"

अक्कांनी कान दिला. सूं सूं असा आवाज येत होता. आपटलेल्या सिलिंडरच्या चावीतून प्राणवायू गळत होता. त्या वायूजवळ विडीसुद्धा ओढायची नसते, हे लेस आजोबांच्या घराच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. बंद घर, गळता वायू, आणि उघडी ज्योत. दिवा उचलून न्हाणीघरात न्यावा तर घराचं सगळं वारं एकच. बाहेर न्यावा तर वारा त्याला क्षणभर ठेवणार नाही. आणि घटापुढची समई हलवली तरी नवस मोडलाच.

लेस आजोबांनाही समजलं. त्यांनी हात वर केला. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "चावी बंद करा. मी बसतो असाच. नाहीतर मला इथे पडवीतच ठेवा. पोरीचं बाळ आहे."

मॉरीनबाईंनी चावी बंद करून पाहिली. धूर इतका होता की धडधाकट माणसाला खोकला आवरत नव्हता. वीस-पंचवीस श्वास झाले असतील. आजोबांचे ओठ निळे पडू लागले. मॉरीनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मागितलं असतं, तर अक्कांना कदाचित राग तरी धरता आला असता. त्या मागत नव्हत्या.

इथे गोष्ट सांगणाऱ्या बायका जरा थांबतात. कुणी म्हणतं, देवी बोलली. कुणी म्हणतं, ज्योत आपोआप वाकली. अक्का स्वतः असलं काही सांगत नसत. त्या इतकंच सांगायच्या की त्या देवघरापुढे गेल्या, गुडघे टेकले, आणि मनात म्हणाल्या, "आई, माझ्या लेकीचा जीव तुझ्याकडे आहे आणि या म्हाताऱ्याचा माझ्याकडे. मी माझ्याकडचा सांभाळते. तू तुझ्याकडचा बघ."

दिव्यावर फुंकर मारायची नसते. त्यांनी कलशातलं लाल फूल घेतलं, पाण्यात बुडवलं, आणि वातीवर टेकवलं. चर्र असा बारीक आवाज झाला. धुराची एक रेघ वर गेली आणि फुलोऱ्याच्या कडाकण्यांत विरली. चारला दहा मिनिटं कमी होती. मॉरीनबाईंच्या मनगटावर घड्याळ होतं.

घरात काळोख झाला. समईच्या जागी अक्कांनी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. का ठेवला, असं विचारलं की म्हणायच्या, "देवीपुढं रिकामी जागा कशी ठेवायची? हाताशी तेवढंच होतं."

मग लेस आजोबांना आत घेतलं, चावी सोडली, आणि मग त्या दोघी बायका बाहेर पडल्या.

पुढचा तास म्हणजे रिज रोडचं महाभारत. आग घळीतून वर येण्याआधीच निखारे आले, झुंडीच्या झुंडी. दोन पिंपं, हंडा, कळशी, टब, पातेली. पोती भिजवायची, जिथे ठिणगी दिसेल तिथे आपटायची, पुन्हा भिजवायची. अक्का नऊवारीचा काष्टा मारून शिडीवर चढल्या, मॉरीनबाई खालून बादल्या देत होत्या. पन्नाशीची एक, पासष्टीची एक. लेस आजोबांचं घर डोळ्यांपुढे बसलं. मॉरीनबाईंनी एकदाच तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पडदे मला कधी आवडलेच नव्हते." मग पुढची बादली उचलली.

मध्येच केव्हिन आणि त्याचे दोन स्वयंसेवक, झाड पडल्यापासून वरच अडकलेला बंब घेऊन आले. बंब कोरडा. खाली पाणी नाही, वर पाणी नाही. अक्कांनी मागच्या दारचं दुसरं, अजून न उघडलेलं पिंप दाखवलं. त्यांनी त्यात नळी टाकली. त्या पिंपाच्या पाण्यावर पलीकडची तीन घरं वाचली, असं सांगतात. कुणी पाच म्हणतं. दरवर्षी एक घर वाढतं, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

जाताना केव्हिनने घराभोवती चक्कर मारली. लावलेल्या खिडक्या, फटीतली ओली लुगडी, दाराखालचा टॉवेल, आढ्याचा पुठ्ठा. तो म्हणाला, "आम्ही दहा वर्षं लोकांना हेच शिकवतोय. कुणी करत नाही. तुला कुणी शिकवलं?"

अक्का म्हणाल्या, "दिव्यानं."

पाचच्या पुढे दक्षिणेकडून वारा फिरला. इथला तो वारा येतो तेव्हा दार ढकलून कुणी आत यावं तसा येतो. एकदम गार. आग स्वतःच्याच राखेवर मागे वळली. धूर विरळ झाला. लेस आजोबांना पडवीत आणून मोकळ्या हवेत बसवलं, सिलिंडर बंद करून बागेच्या टोकाला नेऊन ठेवलं. ओठांवर रंग आला.

अक्का आत जाऊन देवघरापुढे बसल्या. हात मांडीत. काजळीने आणि राखेने काळे झालेले. मॉरीनबाई मागून आल्या.

"लाव ना आता," त्या म्हणाल्या.

अक्का म्हणाल्या, "माझ्या हातानं शांत झाला. माझ्या हातानं पुन्हा लावला तर तो जुना दिवा नाही. नऊ वर्षं गेली, मॉरीन." शालनचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मॉरीनबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या देवीने तुला अडवलं असेल. मला तर कुणी अडवलेलं नाही. काडेपेटी कुठे आहे?"

स्वयंपाकघरातली काडेपेटी पाण्याच्या धावपळीत भिजून लगदा झाली होती. तेव्हा पडवीतून खोकल्याचा आवाज आला. लेस आजोबांनी विजारीच्या खिशातून काडेपेटी काढून पुढे धरली होती. कोरडी. अर्धी वापरलेली.

मॉरीनबाईंनी काडेपेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू अजून ओढतोस."

"रविवारीच," आजोबा म्हणाले.

अक्कांनी आपला दिवा शांत केला आणि हा गृहस्थ गळतं सिलिंडर मांडीवर घेऊन खिशात काडेपेटी बाळगून बसला होता. त्या दिवसात अक्का पहिल्यांदा हसल्या. हसता हसताच डोळ्यांना पदर लावला.

मॉरीनबाईंनी हात धुतले, कारण अक्का नेहमी धुतात हे त्यांनी पाहिलं होतं. देवघरापुढे वाकल्या, काडी ओढली, नव्या वातीला लावली. साडेपाच वाजले होते. लावून झाल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत, कपाळावर बोट नेलं, छातीवर नेलं, दोन्ही खांद्यांना लावलं, त्यांच्या रीतीप्रमाणे. देवीने ते मान्य केलं असावं. ज्योत सरळ उभी राहिली.

तरी अक्कांच्या मनातला काटा गेला नव्हता. दीड तासाहून जास्त वेळ देवघर अंधारात होतं. नेमक्या त्या वेळात तिकडे काय झालं असेल? फोन मुका. रस्ता बंद. त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मॉरीनबाई शेजारी उभ्या राहिल्या, ज्यांचं स्वतःचं घर मागे धुमसत होतं.

सातच्या सुमाराला उजेड पुरता गेला नव्हता तेव्हा चढावर एक माणूस दिसला. हणमंतराव. गाडी ओढ्यापाशी ठेवून, पडलेल्या झाडावरून चढून पायी आले होते. सगळा रस्ता काळा, आणि आपलं घर आहे की नाही हे माहीत नाही, असे ते चालत आले होते. घर दिसलं, बायको दिसली, आणि ते रस्त्यातच थांबले.

"मुलगी झाली," ते तिथूनच म्हणाले. "दोघी बऱ्या आहेत."

अक्कांनी विचारलं, "किती वाजता?"

"बाळ आपोआप फिरलं म्हणे. डॉक्टरसुद्धा..."

"अहो, वाजले किती होते?"

"चार वीस."

अक्कांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हणमंतरावांना वाटलं, हिला ऐकू कमी येतंय. चार वाजून वीस मिनिटं. मॉरीनबाईंनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. चारला दहा कमी असताना दिवा शांत झाला, साडेपाचला लागला. बाळ आलं ते त्या अंधाराच्या मधल्या वेळात. देवीपुढे जेव्हा ज्योत नव्हती, नुसता पाण्याचा तांब्या होता, तेव्हा.

अक्का तिथेच फाटकाशी खाली बसल्या, असं सांगतात. मोठ्याने रडल्या. मॉरीनबाईंना वाटलं, काही वाईट घडलंय. मग त्याही शेजारी बसल्या.

आता यात चमत्कार कुठला, ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्यातले एक शिकलेले गृहस्थ म्हणतात, बाळं शेवटच्या घटकेला फिरतातच. असतीलही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मी इतकंच म्हणते की नऊ वर्षं अक्कांना वाटत होतं की देवी त्या ज्योतीत आहे. त्या दुपारी ती बहुधा त्या म्हाताऱ्याच्या श्वासात जाऊन बसली होती आणि तिथून बघत होती, ही बाई काय करते ते.

पुढच्या वर्षी लेस आजोबा नव्हते. अष्टमीला चारच्या आधी अक्कांनी कुणी न सांगता दिवा शांत केला, तांब्या ठेवला आणि दार उघडलं. मॉरीनबाई काडेपेटी घेऊन आल्या आणि त्यांनी दिवा लावला. तीच काडेपेटी, म्हणे. तिथून ही रीत पडली. मग आणखी मराठी घरं आली, त्यांनी उचलली. रस्त्यावरच्या इतरांनी बादलीपुरती उचलली. आता केव्हिनच्या जागेवर जी मुलगी आहे, ती दर अष्टमीच्या आदल्या आठवड्यात कागद वाटते, 'बाबरबाईंची बादली भरा' म्हणून. तिला बाबरबाई कोण ते ठाऊक नाही. मी एकदा तिला बसवून सांगणार आहे.

अक्का गेल्या, मॉरीनबाईही गेल्या. शालनची मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे आणि दुसऱ्या शहरात असते. अष्टमीला जमलं तर येते. आली की आधी खाणीच्या तळ्यावरून कळशीभर पाणी आणते आणि घराघरांत तांब्यांत ओतते.

त्या घाबरलेल्या मुलीला मी एवढं सांगितलं आणि म्हटलं, "आता सांग, तुझ्या डाव्या हाताच्या घरात कोण राहतं?" तिला सांगता आलं नाही. येऊन आठ महिने झाले होते. मी म्हटलं, "मग अजून वेळ आहे. आधी दार वाजव, नाव विचार. दिव्याचं नंतर."

आजही टॅलोबँकला अष्टमीच्या दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना रिज रोडवरच्या घरांत काळोख होतो. बादल्यांतल्या पाण्यावर ढग दिसतात. आम्ही दार उघडं टाकून, हात मांडीत घेऊन बसतो. घरात कितीही काड्या असल्या तरी कुणी उठत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे समोरच्या लेबनीज आजी आल्या होत्या, गुडघे धरून, पायऱ्या एकेक चढत. त्यांनी विचारलं, "आज माझी पाळी ना?"

मी म्हटलं, "हो. तुमचीच वाट बघत होते."

शेजारून पाऊल वाजेपर्यंत दिवा लागत नाही.